काडतूस, केस, टोपी, छर्रे: काय घेता येतं, कुठून घ्यायचं आणि आधी लायसन्सवर काय बघायचं

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे निम्मे प्रश्न इथंच मिटतील. बंदूक आणि काडतुसाचा महाराष्ट्राचा वेगळा, तेलंगणाचा वेगळा, कर्नाटकचा वेगळा असा कायदा आपल्याकडं नाही. शस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकं हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळं देगलूरला जो कायदा तोच बिदरला आणि तोच निजामाबादला: शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याच्याखाली आलेले शस्त्र नियम २०१६. तरी आमच्याकडं कचेरीसमोर अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच की भाऊ, हैदराबादला म्हणे रिकाम्या केस (काडतुसाची बाहेरची खोळ) आन प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) बिनलायसन्सचे मिळूलालेत, तिकडचा कायदा ढिला हाय का? ढिला नाही. तिकडं कुणी तसं विकत असेल तर तो गुन्हा करतोय, आणि तुम्ही घेतलं तर तुम्ही पण.

हा गोंधळ येतो कुठून तर सरळ सांगायचं म्हणजे यूट्यूबवरून. अमेरिकेतले व्हिडिओ बघायचे, तिथला माणूस दुकानातून डबाभर रिकाम्या केस, प्रायमर, गोळ्या, पावडर घेऊन येतो आणि गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतो, आणि खाली कमेंटमध्ये त्यांचेच लोक भांडत असतात की आमच्या स्टेटमध्ये हे चालतं आणि तुमच्या स्टेटमध्ये चालत नाही. त्यांचं खरंच तसं आहे. तिथं केंद्राच्या कायद्यात ॲम्युनिशनच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या, व्याख्येत नुसतं भरलेलं काडतूस नाही, केस, प्रायमर, गोळी आणि पावडर हे पण धरलंय, पण विकत घेणाऱ्याला केंद्राचं लायसन्स लागत नाही, वयाची अट वगैरे आहे, बाकी प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवलंय. इलिनॉयमध्ये काडतुसं घ्यायला आधी राज्याचं ओळखपत्र काढावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये सुट्या भागांना पण काडतुसासारखंच धरतात आणि कार्ड लागतं. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून काडतूस घेताना प्रत्येक वेळी बॅकग्राउंड चेक लावला, त्याच्यावर कोर्टबाजी पण झाली, आणि गंमत बघा, त्या चेकसाठी ॲम्युनिशन म्हणजे भरलेलं काडतूस, पण ज्या माणसाला बंदी आहे त्याच्यासाठी सुटी गोळीसुद्धा ॲम्युनिशन. एकाच राज्यात एकाच वस्तूला दोन हिशोब. तिथले लोकच चक्रावतात तर आपण कशाला त्यात डोकं घालायचं, पण आपली पोरं ते बघून इथं दुकानदाराला विचारतात की प्रायमरला लायसन्स कशाला, तो तर नुसता पार्ट आहे.

तर पार्टचं बोलू, कारण मेन गोंधळ इथंच आहे.

आपल्या १९५९ च्या कायद्यात कलम २ मध्ये ॲम्युनिशनची व्याख्या आहे आणि ती लई रुंद आहे. बंदुकीचं काडतूस तर आहेच, पण त्यात बंदुकीचा बार आणि त्याचं सामान, फ्यूज, आणि स्पष्ट शब्दात दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा बनवायची मशिनरी हे सगळं आत घेतलंय. वर केंद्र सरकार गॅझेटमध्ये जाहीर करेल ते कच्चे घटक पण. म्हणजे केस असो, प्रायमर असो, रायफलची सुटी गोळी असो, काडतूस भरायचं हँडप्रेस असो, "हा तर नुसता पार्ट आहे" हे वाक्य आपल्याकडं चालत नाही, पार्ट म्हटला की तो व्याख्येत आलाच. ह्या एका ओळीवरून तुमचे नव्वद टक्के प्रश्न सुटायला पाहिजेत. कलम ३ म्हणतं की ॲम्युनिशन घ्यायला आणि जवळ ठेवायला लायसन्स पाहिजे, आणि बिनलायसन्स सापडलं तर कलम २५ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा, वर दंड. आधी हे एक ते तीन होतं. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून जुनाच आकडा आहे.

एक सूट आहे, ती पण सांगतो नाहीतर कुणीतरी अर्धवट ऐकून येतं. कलम ४५ मध्ये म्हटलंय की शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ भाग जवळ असला आणि तो दुसऱ्या पूरक भागांसोबत वापरायचा उद्देश नसला, म्हणजे तुमच्याकडं पण नाही आणि दुसऱ्या कुणाकडं ते बाकीचे भाग आहेत असं पण नाही, तर हा कायदा लागू नाही. कपाटात शोपीस म्हणून आजोबांच्या वेळची एक रिकामी पितळी केस पडलीय, गावातल्या पोरानं गळ्यात बुलेटचं लॉकेट घातलंय, असल्या गोष्टींना त्याचा आधार मिळतो. पण लक्षात घ्या, हा आधार नंतर कोर्टात मिळतो, नाक्यावर हवालदारासमोर नाही. आणि ज्याच्या घरात त्याच बोअरची, म्हणजे त्याच नळीच्या मापाची, रायफल आहे, वर प्रायमर पण सापडले, त्यानं कलम ४५ चं नाव काढून काय उपयोग, त्याचे पूरक भाग समोरच मांडलेले आहेत.

आता कामाचं. दुकानात जायच्या आधी लायसन्स उघडून बसा, चष्मा लावून. लोक लायसन्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवतात आणि पाच वर्षांनी रिन्युअललाच काढतात, त्यामुळं त्याच्यावर काय लिहिलंय हे मालकालाच माहीत नसतं. आधी बघायचा युआयएन, तो युनिक नंबर, जो राष्ट्रीय डेटाबेसमध्ये लायसन्स चढलं की मिळतो. तो नसेल तर काडतुसाचा विषयच सोडा, आधी तेवढं काम करून घ्या. मग मुदत. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत तीनाची पाच वर्षं झाली, पण तुमच्या कागदावर जी तारीख छापलीय तीच खरी, "आता पाच वर्षं झालीत की" म्हणून जुन्या तीन वर्षांच्या लायसन्सवर जाऊ नका. मुदत संपली म्हणजे तुम्ही बिनलायसन्सवाले. मग शस्त्राचा नंबर आणि बोअर, कारण काडतूस फक्त त्याच बोअरचं मिळणार जे शस्त्र लायसन्सवर चढलेलं आहे, भावाकडं दुसरी रायफल आहे म्हणून त्याच्या बोअरचा डबा तुमच्या लायसन्सवर नाही.

मग येतात दोन आकडे, आणि इथं सगळ्यात जास्त चुका होतात. एक म्हणजे एका वेळी जवळ किती ठेवता येतील, दुसरा म्हणजे वर्षात किती घेता येतील. हे दोन्ही वेगळे आहेत. वर्षाचा कोटा शिल्लक आहे म्हणून माणूस जातो आणि डबा घेऊन येतो, पण घरी आधीचे पडलेत, दोन्ही मिळून एका वेळच्या आकड्याच्या वर गेले, आता झाली ना अट मोडून. शेजारच्याच्या लायसन्सवर किती आहेत ते विचारू नका, खेळाडूंचा कोटा वेगळा असतो, जुन्या लायसन्सवर वेगळे आकडे असतात, तुमच्या पानावर जे आहे तेवढंच तुमचं.

आणि शेवटी एरिया. कुठल्याच्या लायसन्सवर महाराष्ट्र लिहिलेलं असतं, कुठल्यावर आणखी राज्यं, काहींवर संपूर्ण भारत. "राज्याचा कायदा" म्हणून लोक ज्याला म्हणतात तो खरं तर हा एरियाचा रकाना आहे. कायदा सगळीकडं एकच पण तुमच्या कागदाची हद्द ठरलेली. आता आपल्या मराठवाड्याची गोष्ट अशी की धर्माबादवरून निजामाबाद जवळ, उदगीरवरून बिदर जवळ, उमरग्यावरून कलबुर्गी जवळ, आणि निम्मे सोयरे तिकडंच, निजामाच्या राज्यापासूनचं येणंजाणं आहे ते काही १९५६ ला राज्यं वेगळी झाली म्हणून थांबलं नाही. मग पाहुणा सांगतो की आमच्याकडं या, दुकान वळखीचं हाय, दोन पैसे कमी लागतील. एरिया महाराष्ट्रापुरता असेल तर जाऊ नका. शस्त्र किंवा काडतूस घेऊन हद्दीच्या पलीकडं गेलात की लायसन्सची अट मोडली, आणि नाक्यावर गाडी तपासली की तिथल्या पोलिसाला तुमचा सोयरा कोण याच्याशी काय देणंघेणं. एरिया वाढवून पाहिजे तर त्याचा रीतसर अर्ज असतो, कारण लिहावं लागतं, शेती पलीकडं आहे तर सातबारासारखा तिकडचा उतारा जोडायचा.

दुकानात काय करायचं ते आता थोडं डिटेलमध्ये. लायसन्सची मूळ प्रत न्यायची, झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही. आधार बरोबर ठेवा. डीलरचं लायसन्स भिंतीवर लावलेलं असतं, त्याच्यावर मुदत आहे का बघायला लाजू नका. डबा हातात आला की आधी बोअर वाचा. आपल्याकडं सिव्हिलियन रायफल म्हणजे जास्त करून ३१५ बोअर, आणि तिच्या काडतुसाच्या बुडावर ८ एमएम आणि केएफ असं कोरलेलं असतं, ते बघून नवीन माणूस घाबरतो की ३१५ मागितलं आणि ८ एमएम दिलं. घाबरू नका, ते तेच आहे. केएफ म्हणजे पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद करून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे, म्हणून जुन्या आणि नव्या डब्यावरचं नाव वेगळं दिसेल. बारा बोअरवाल्यांनी छर्र्याचा नंबर बघायचा, एलजी, एसजी, बीबी की चार नंबर, कारण एकदा एन्ट्री झाली की बदलून घ्यायची कटकट होते.

मग एन्ट्री. डीलर त्याच्या रजिस्टरला लिहितो आणि तुमच्या लायसन्सच्या मागच्या पानावर पण तारीख, बोअर, नग, सही, शिक्का. हे पान तिथंच उभं राहून वाचायचं. मी असं एक पान बघितलंय ज्यावर दहाचे पंचवीस केलेले, एकाच्या जागी गिरवून दोन आणि शून्याच्या जागी पाच, जांभळा शिक्का अर्धा त्याच्यावर आणि अर्धा बाहेर, खाडाखोडीला सही नाही. मालक म्हणतो मी दहाच घेतले. असतील दहाच, पण रिन्युअलच्या वेळेला टेबलावरच्या बाईंनी विचारलं की बाकीचे पंधरा कुठं गेले तर काय सांगणार, आणि डीलरचं रजिस्टर काढून आणेपर्यंत फाइल तिथंच बसली. खाडाखोड झाली तर ती ओळ पूर्ण रद्द करून खाली नवीन ओळ लिहायला लावा, दोन्हीला सही घ्या, आणि बिल घ्या, जीएसटीवालं, नंबरचं. बिल नको म्हणून पैसे कमी करणारा असेल तर त्या दुकानातून बाहेर पडा.

घरी एक वही ठेवा. किती आणले, किती उडवले, कुठं, कशासाठी. कायदा तुम्हाला ही वही ठेव म्हणतो असं नाही, पण ठाण्यातून चौकशीला आले की तोंडी हिशोब लागत नाही कुणाचाच. आणि त्या वहीत "पुतण्याची वरात" असं लिहायची वेळ येऊ देऊ नका, २०१९ पासून लग्नात, मिरवणुकीत लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. व्हिडिओ तर पाहुणेच काढून स्टेटसला लावतात, पोलिसांना वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

३०३ चं काय, हा प्रश्न फौजेत किंवा पोलिसात नातेवाईक असलेल्या घरातून येतो. ३०३ आणि ७.६२ हे सरकारी बोअर, त्या रायफली आणि ती काडतुसं चेंबरमध्ये घेणारी कुठलीही रायफल ही निषिद्ध-मर्यादित वर्गात, कलेक्टर ऑफिसच्या साध्या लायसन्सवर येतच नाही, दिल्लीला गृह मंत्रालयाकडं जावं लागतं. त्यामुळं सुट्टीवर आलेल्या मेव्हण्यानं आठवण म्हणून दोन गोळ्या आणल्या, रिकाम्या केस आणल्या, तर त्या कपाटात ठेवू नका. ते सरकारी सामान आहे, नुसता बिनलायसन्सचा गुन्हा नाही तर ते बाहेर आलंच कसं ही दुसरी चौकशी, आणि त्यात मेव्हण्याची नोकरी जाते. तसंच अमेरिकेतल्या भाच्याला "येताना शंभर केस टाक बॅगेत, तिकडं स्वस्त आहेत" असं सांगू नका. बाहेरून आणायला कलम १० खाली इम्पोर्टचं वेगळं लायसन्स लागतं आणि पार्ट म्हणजे ॲम्युनिशन हे वर आलंच आहे. तिकडं त्यानं बिल देऊन कायदेशीर घेतलं याला मुंबईच्या कस्टममध्ये काही किंमत नाही.

घरी काडतूस भरायचं म्हणाल तर साध्या लायसन्सवर ते नाहीच. लायसन्स हे घ्यायला, ठेवायला, बाळगायला असतं. बनवणं हे कलम ५ मध्ये येतं आणि त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पैसे वाचवायला म्हणून कुणी हे करत असेल तर त्याला हा आकडा वाचून दाखवा.

आता ठासणीवाल्यांचं, कारण आपल्या भागात डोंगराकडच्या गावांत, किनवट-माहूरकडं, बालाघाटाच्या कडेला, अजून ठासणीच्या बंदुका आहेत आणि सुट्या सामानाचा खरा प्रश्न त्यांचाच आहे. कायद्यातच कलम १३ मध्ये आहे की पीक राखायला शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स द्यायचं आणि ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. आता ठासणीला काडतूस नसतं, बंदुकीची दारू वेगळी, ती पेटवणारी टोपी वेगळी, छर्रे वेगळे, म्हणजे हा माणूस सुटे भागच घेणार, दुसरा इलाजच नाही. म्हणून त्याला वाटतं की आपल्याला सगळं मोकळं आहे. तसं नाही. बार आणि त्याचं सामान व्याख्येत आहे, त्यामुळं हे पण लायसन्सवाल्या डीलरकडूनच, लायसन्स दाखवून, प्रत्येक वस्तूची वेगळी एन्ट्री करून. एक मामा आले होते, त्यांच्या लायसन्सवर टोप्यांची एन्ट्री होती आणि दारूची एकही नाही, गेल्या कितीतरी वर्षांत नाही, आणि बंदूक तर दर हंगामात वाजते. मग मामा दारू कुठनं येते? तर म्हणे दिवाळीच्या दुकानवाला वळखीचा हाय. हे लिहून ठेवा, फटाक्याची दारू काढून बंदुकीत घालणं हे कायद्यानं तर गुन्हा आहेच, स्फोटकांचा १८८४ चा कायदा वेगळा लागतो, पण नळी फुटून हात जातो तो वेगळाच. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पोलिसांना कळवणार ते आणखी वेगळं.

आणि लायसन्स पीक राखायचं आहे म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी आहे असा अर्थ नाही, हे दोन कागद आहेत. बंदुकीचा कागद कलेक्टरचा आणि जनावराचा कागद वनखात्याचा. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याची मोठी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) आता अनुसूची दोनमध्ये. नुकसान होतंय म्हणून मारायचं तर वनखात्याकडं, म्हणजे आपल्या आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांच्या ऑफिसात अर्ज करून लेखी परवानगी. काळविटाचा तर विचारच करू नका, ते पहिल्या अनुसूचीत आहे. तूर आडवी झालेली बघून माणसाचा जीव तुटतो हे मला कळतं, नुकसानभरपाईचा अर्ज पण मीच लिहून देतो, पण राग आला म्हणून रात्री बार टाकला आणि सकाळी पंचनाम्यात तुमच्याच काडतुसाची केस सापडली तर दोन्ही कायदे एकदम लागतात.

जुन्या पेटीतल्या काडतुसांचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे प्रत्येक गावात आहे. आजोबा वारले, पाटीलकीच्या वेळची बारा बोअर ठाण्यात जमा झाली किंवा चुलत्याच्या नावावर गेली, सगळे विसरले. मग वाडा पाडायला काढला की माळवदाखालच्या लोखंडी पेटीत फडक्यात गुंडाळलेली काडतुसं निघतात, जुनी कागदी केसची, कागद ओलीनं फुगलेला, पितळेच्या बुडाला हिरवा थर आलेला, नंबर वाचता येत नाही. घरात लहान पोरं. कुणी म्हणतं विहिरीत टाका, कुणी म्हणतं जाळून टाका. दोन्ही करू नका. जाळायचं तर डोक्यात पण आणू नका. जास्त हलवाहलव न करता पेटी आहे तशी बंद करा, खोलीला कुलूप लावा, आजोबांचं जुनं लायसन्स किंवा त्याची झेरॉक्स शोधा आणि ठाण्याला फोन करून कळवा, मग अर्ज द्या. कलम २१ मध्ये हीच सोय आहे, ज्याच्याकडं शस्त्र किंवा काडतूस ठेवणं कायदेशीर राहिलं नाही, मुदत संपली म्हणून, लायसन्स रद्द झालं म्हणून किंवा मालक वारला म्हणून, त्यानं किंवा वारसानं ते वेळ न लावता ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायचं. स्वतः हातात घेऊन एसटीनं तालुक्याला जाऊ नका. पावती घ्यायची, पावतीवर नग, बोअर आणि हालत लिहून घ्यायची.

वारसाला बंदूक पाहिजे असेल तर २०१६ च्या नियमात रस्ता आहे, मालक वारल्यावर वारसाच्या नावानं अर्ज, किंवा मालक जिवंत असताना सत्तरी झाली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं जवळ असेल तरी देता येतं. पण लायसन्स मिळालं म्हणजे पेटीतली जुनी काडतुसं आपोआप आपली होत नाहीत, ती जमा झालीत तर नवीन लायसन्सवर नवीन घ्यायची, तेच बरं, असली ओली काडतुसं चालवायच्या लायकीची नसतात. आणि एक, आता एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, आधी तीन होती, त्यामुळं ज्याच्याकडं आधीच दोन आहेत त्याच्या नावावर तिसरं चढत नाही.

चिकलठाणा एअरपोर्टवर असो की नांदेडला, बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस स्कॅनरला दिसलं की फ्लाइट गेलीच म्हणून समजा. शेतावर नेलेली हँडबॅग तीच प्रवासाला घेतात. कोर्टानं अनेक केसमध्ये म्हटलंय की जवळ असणं म्हणजे माहीत असून जवळ असणं, त्यामुळं खरंच विसरलेलं असेल तर पुढं सुटका होऊ शकते, लायसन्सवाल्याची तर लवकरच होते, पण वकील, तारखा आणि एफआयआर रद्द करायला खंडपीठाच्या चकरा हे होणारच. प्रवासाआधी बॅग उलटी करून झटका, बास. शस्त्र न्यायचंच असेल तर एअरलाइनला आधी कळवून चेक-इनमध्ये, केबिनमध्ये कधीच नाही.

इलेक्शन लागलं की शस्त्रं जमा करायचा आदेश येतो, तो ज्यांना आला त्यांनी शस्त्राबरोबर काडतुसं पण नगासकट पावतीवर लिहून द्यायची. पावतीवर फक्त "एक बंदूक" लिहिलेली असते आणि परत घेताना काडतुसांवरून वाद. निकालानंतर परत आणायला विसरू नका, लोक विसरतात.

ज्यांना हे सगळं वाचून वाटलं की नको बाबा, पोराला नेमबाजी शिकवायचीय एवढंच, त्यांच्यासाठी एअर रायफल आहे. ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर बोअरची आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल, तिला आणि तिच्या पेलेटला लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेतो आणि नोंद ठेवतो. त्याच्यावरची ताकद किंवा ०.२२ ची जाड नळी असेल तर लायसन्स. ऑनलाइन जाहिरातीत ताकद लिहिलेली नसेल तर लेखी विचारून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर "ओरिजिनल ३१५ राउंड, होम डिलिव्हरी, निम्मे पैसे आधी" असले मेसेज येतात ते एक तर फसवणूक, पैसे गेले की नंबर बंद, किंवा खरं असेल तर त्याहून वाईट.

एवढं करून पण शंका राहिली तर डीलरला नाही, यूट्यूबला नाही, ज्या ऑफिसनं लायसन्स दिलं त्याला लेखी विचारा. जिल्ह्यात कलेक्टर, संभाजीनगर शहरात पोलीस कमिशनर. अर्ज लांबलचक नको. साध्या कागदावर, मा. जिल्हादंडाधिकारी यांना, विषय: शस्त्र परवान्यावरील दारूगोळ्याबाबत खुलासा मिळणेबाबत. खाली लायसन्स नंबर, युआयएन, शस्त्राचा नंबर, बोअर, मुदत. मग एकच प्रश्न, उदाहरणार्थ "माझ्या परवान्यावर एका वेळी ठेवावयाची व वर्षभरात खरेदी करावयाची काडतुसे यांची संख्या अस्पष्ट आहे, ती स्पष्ट करून मिळावी" किंवा "परवान्याचे क्षेत्र फक्त महाराष्ट्र राज्य आहे किंवा कसे याचा खुलासा व्हावा". एका अर्जात पाच प्रश्न घातले की पाच टेबलं फिरतो. लायसन्सच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा, मागचं एन्ट्रीचं पान विसरू नका. कोटा वाढवायचा किंवा एरिया वाढवायचा अर्ज कलेक्टरनं नामंजूर केला तर कारण लेखी मागा, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं, त्यामुळं आदेश हातात कधी मिळाला ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक खिडकीत द्यायची आणि दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घेऊनच खिडकी सोडायची, "साहेब जेवायला गेलेत, नंतर या" म्हणाले तर तिथंच बाकावर बसा.